ओटाच्या वाणांची जननिक शुद्धता आणि बीजातील संचयी प्रथिने

ओट हे भारतात मुख्यतः रब्बी हंगामात हिरव्या चाऱ्यासाठी घेतले जाणारे पीक होय. केंट हा जुना वाण, झाशी येथील जेएचओ-८२२ व जेएचओ-८५१, राहुरी येथील फुले हरिता असे अनेक वाण आज प्रचारात आहेत. पक्वतेचा काळ, फुटव्यांची संख्या आणि कापणीनंतरची पुनर्वाढ या बाबतींत वाणावाणांत भेद असतो. म्हणून एका वाणाच्या बियाण्यात दुसऱ्याची भेसळ झाली, तर सर्व शेत एकाच वेळी कापणीयोग्य होत नाही; आणि त्याच शेतातून पुढील वर्षासाठी बी धरल्यास भेसळ कायम राहते, प्रसंगी वाढतही जाते. ही भेसळ पेरणीपूर्वी ओळखावी कशी, हा बीजोत्पादनातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

आकार, रंग, तुसाची ठेवण व कुसळ यांवरून दाणे निवडता येतात. परंतु निकटच्या वाणांचे दाणे बहुधा सारखेच दिसतात. यास्तव शेतावरील चाचणीचा अवलंब केला जातो. तीत नमुन्याचे बी मूळ वाणाच्या शेजारी पेरून प्रत्येक झाडाची लक्षणे ताडून पाहतात. ही पद्धती विश्वसनीय असली तरी तिला संपूर्ण हंगाम लागतो आणि हवामानाच्या प्रभावामुळे काही लक्षणे झाकली जातात. निर्णय हाती येईपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते. बीजातील प्रथिनांची परीक्षा याच ठिकाणी उपयोगी पडते, कारण ती काही दिवसांत पुरी होते.

प्रथिन हे जनुकाचे जवळजवळ साक्षात फल होय. जमीन, खत वा पाऊस यांमुळे दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण बदलते. परंतु कोणते प्रथिन असावयाचे व कोणते नसावयाचे हे प्रामुख्याने जनुकांवर अवलंबून असते. अमेरिकन रसायनज्ञ ऑस्बोर्न यांनी धान्यातील प्रथिनांचे विद्राव्यतेनुसार वर्ग पाडले : पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, लवणद्रावात विरघळणारी ग्लोब्युलिने, जलमिश्रित अल्कोहोलात विरघळणारी प्रोलामिने आणि विरल अम्ल वा अल्कली यांत विरघळणारी ग्लुटेलिने. गव्हात प्रोलामिने व ग्लुटेलिने यांचे प्राबल्य असते. ओटात मात्र संचयी प्रथिनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ग्लोब्युलिने असून ॲव्हेनिन या नावाने ओळखली जाणारी प्रोलामिने साधारणतः दहा ते पंधरा टक्केच असतात. तरीही वाण ओळखण्यास हा लहान भागच अधिक उपयोगी ठरतो. कारण वाणावाणांतील भेद ग्लोब्युलिनांपेक्षा ॲव्हेनिनांत अधिक स्पष्टपणे प्रकट होतात.

याचे कारण ओटाच्या जननिक रचनेत आहे. लागवडीचा ओट षड्गुणित असून त्याच्या कोशिकांत ४२ गुणसूत्रे असतात. ॲव्हेनिनांचे जनुक काही थोड्या स्थानी समूहाने वसलेले असल्यामुळे एका स्थानाचे अनेक पट्टे संततीत एकत्रच उतरतात. त्यांचे पर्यायी रूप सहप्रभावी असते, म्हणजे संकरात दोन्ही जनकांचे पट्टे दिसतात. लेनिनग्राड येथील वाव्हिलॉव्ह संस्थेत कोनारेव्ह व त्यांचे सहकारी यांनी धान्यांच्या वाणांची नोंद प्रोलामिनांच्या आधारे ठेवण्याचे कार्य विस्ताराने केले.

परीक्षेची पद्धती अशी. एकेका दाण्याचे तूस काढून तो कुटतात आणि सुमारे ७० टक्के अल्कोहोलात भिजवून ॲव्हेनिने वेगळी करतात. हा अर्क पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलवर अम्ल माध्यमात घालून विद्युत्‌संचारण केले जाते. अम्लात ॲव्हेनिनांवर धन विद्युत्‌भार येतो व ती ऋणाग्राकडे सरकतात. भार, आकार व आकारमान यांनुसार त्यांचा वेग भिन्न असल्याने ती निरनिराळ्या ठिकाणी पट्ट्यांच्या रूपाने विभागली जातात. रंजकाने रंगविल्यावर पट्टे दिसू लागतात. प्रत्येक जेलवर पैदासकाराच्या अस्सल बियाण्याचा अर्क शेजारी घालणे आवश्यक असते. त्यावाचून तुलनेस आधार राहत नाही. अनेक दाणे एकत्र कुटणे इष्ट नव्हे, कारण एकत्र अर्कात थोड्या भेसळीचे पट्टे लोपून जातात. दाण्याचा भ्रूण नसलेला अर्धा भागच परीक्षेस घेतला, तर उरलेला अर्धा पेरून संशयित झाड प्रत्यक्ष पाहता येते.

निष्कर्ष काढताना तीन शक्यता लक्षात घ्याव्या लागतात. परक्या वाणाचा दाणा आपला संपूर्ण वेगळा पट्टसमूह दाखवितो. ओट स्वपरागित असला तरी क्वचित परपरागण होते. अशा दाण्यात दोन्ही जनकांचे पट्टे दिसतात. भ्रूणपोषात मातेचे दोन व पित्याचा एक असे जनुकांचे वाटे असल्याने मातेकडील पट्टे सामान्यतः अधिक गडद असतात. तिसरी शक्यता अशी की, मूळ वाणच एकाहून अधिक उपप्रकारांचा बनलेला असतो. अस्सल बियाण्यातही ते पट्टसमूह आढळत असतील, तर त्यांस भेसळ म्हणता येत नाही. ही तिसरी शक्यता दृष्टीआड केल्यास निर्दोष बियाणे नापास ठरण्याचा धोका असतो.

दाण्यांची संख्याही विचारात घेतली पाहिजे. बियाण्यात एक टक्का भेसळ असताना १०० दाणे तपासले, तरी त्यांत एकही परका दाणा न येण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते. ३०० दाणे तपासल्यास ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. म्हणजेच दहा-वीस दाण्यांच्या सुरेख जेलवरून शुद्धतेचा निर्वाळा देणे अशास्त्रीय होय.

शिवाय दोन भिन्न वाणांचे ॲव्हेनिन-पट्टे एकरूप असू शकतात. समान जनकांपासून निघालेल्या वाणांत हे विशेषतः संभवते. तेथे कितीही दाणे तपासले तरी भेसळ दिसणार नाही. अशा वेळी डीएनए-चिन्हकांचा आश्रय घ्यावा लागतो. वेगळा पट्टा भेसळीचा संशय सबळ करतो, परंतु समान पट्टे शुद्धता सिद्ध करीत नाहीत. म्हणून प्रथिनांच्या परीक्षेने पेरणीपूर्वी संशयित बियाणे वेगळे काढावे व अंतिम निर्णय शेतावरील चाचणीने किंवा डीएनए-चिन्हकांनी घ्यावा, हाच क्रम युक्त ठरतो.