पंख्याचा रेग्युलेटर बदलताना

ऐन परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरचा पंखा बिघडला. बंद पडला नाही, पण रेग्युलेटर एकवर ठेवा की पाचवर, पंखा आपला पूर्ण वेगानेच फिरे. मुलीच्या दहावीच्या वह्यांची पाने उडू लागली. बंद करावा तर पत्र्याखाली उकाडा. वायरमनला दोनदा निरोप दिला, तो काही आला नाही. शेवटी रविवारी आम्हीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोर्डापुढे उभे राहिलो.

पंख्याचे बटण बंद केले, बोर्डाचे झाकण काढले आणि तारेला हात घालणार, तोच पत्नी म्हणाली, ''अहो, आधी टेस्टर तरी लावून बघा!'' टेस्टर लावला, तर दिवा पेटला. बटण बंद, तरी तारेत वीज! खोलीची वायरिंग करणाऱ्याने बटण फेजच्या तारेवर न घेता न्यूट्रलवर घेतले होते. पत्नीने टोकले नसते तर काय झाले असते, या विचाराने आम्ही बराच वेळ खाली बसून राहिलो.

म्हणून पहिली गोष्ट. बटणावर विश्वास ठेवू नये. मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टर असल्यास तोही. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग मेन बंद करून बोर्डातील प्रत्येक तार तपासावी. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. घरातल्या एका माणसाने मेनपाशी उभे राहावे.

आता बिघाड ओळखण्याविषयी. जुने डब्यासारखे रेग्युलेटर वेग कमी करताना वीज उष्णतेत घालवीत, म्हणून ते तापत. नंतरच्या गोल फिरत्या बटणाच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक नावाचा छोटा भाग असतो. तो सेकंदाला शंभर वेळा वीज अडवून सोडतो. तो शॉर्ट झाला की पंखा सदा पूर्ण वेगाने फिरतो. आमचे तेच झाले होते. टकटक आवाज करीत आकडे बदलणाऱ्या रेग्युलेटरमध्ये बहुधा कपॅसिटर असतात. पंखा फक्त पाचवर चालत असेल, तर ते गेले असे समजावे. मात्र पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो, तर दोष बहुधा पंख्याच्या कपॅसिटरचा असतो. रेग्युलेटर बदलून उपयोग नाही.

रेग्युलेटर उघडून दुरुस्त करीत बसू नये, नवाच घ्यावा. आयएसआय खूण पाहून आणि पक्की पावती मागूनच घ्यावा. साध्या रेग्युलेटरला दोनच तारा असतात. एक बटणाकडून येते, दुसरी पंख्याकडे जाते. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा. त्याच दोन तारा नव्याला जोडाव्यात. न्यूट्रल तेथे जोडू नये, शॉर्टसर्किट होईल. स्क्रू घट्ट आवळावेत, कारण सैल तार तापते आणि त्यातूनच आग लागते.

आणखी दोन सूचना. कमी वीज खाणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याला हा रेग्युलेटर चालत नाही. साधा एलईडी बल्बही डिमरवर लुकलुकतो. डिमेबल असे लिहिलेलाच घ्यावा.

बोर्ड काळा पडला असेल, जळका वास येत असेल किंवा आमच्यासारखे बटण न्यूट्रलवर निघाले, तर मात्र हात थांबवावा आणि परवानाधारक वायरमनलाच बोलवावे. आम्हीही तसेच केले. आठवडाभर मुलगी ओट्यावर बसून शिकली, पण बटण फेजवर आल्यावरच नवा रेग्युलेटर बसला.

आता घरात टेस्टर खिळ्याला टांगलेला असतो. तो कसा धरायचा, हे मुलीलाही शिकवले आहे. आपणही आपल्या मुलींना शिकवावे.