नारळी पौर्णिमा आणि मनूचा मासा

श्रावणी पौर्णिमेस आम्हां औंढेकरांची पहाट श्रावणीच्या विधीने, यज्ञोपवीत पालटण्याने उजाडते. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि याच दिवशी कोळी बांधव दर्यास जो नारळ अर्पण करतात, त्यात अवघ्या महाराष्ट्राने ध्यानी घ्यावा असा धर्म साठवलेला आहे.

शतपथ ब्राह्मणातील कथा पाहा. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला. मोठे मासे लहानांस गिळतात, म्हणून त्याने अभय मागितले. मनूने त्यास घटात, मग खड्ड्यात वाढवून समर्थ झाल्यावर समुद्रात सोडले. पुढे जलप्रलयात त्यानेच मनूची नौका तारून नेली. पिलू राखले, म्हणून नौका तरली! सम्राट अशोकानेही पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली होती.

पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर येत, जाळ्यांची डागडुजी होई. त्याच काळात अनेक जातींची मासळी अंडी घालते. पुढे यंत्रनौका आल्या आणि निसर्गाने घातलेली मर्यादा कायद्याने घालावी लागली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. आज 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यंत्रनौकांस राज्याच्या सागरी हद्दीत मासेमारी वर्ज्य आहे. म्हणजे नारळ वाहण्यापूर्वीच बहुधा नौका सुटतात! 2023 मध्ये पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला आणि 54 जातींसाठी किमान आकारही ठरला. परंतु बाजारात पिलांना गिऱ्हाईक असेल, तर नियम काय करणार?

‘महाराज, आम्ही माळकरी, मासळीशी आमचा काय संबंध?’ असे एका श्रोत्याने कीर्तनानंतर विचारले. संबंध आहे. आपल्याच तालुक्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. रोहू, कटला हे मासे पावसाळी पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. बारीक आसाच्या जाळ्याने बीजच उपसले, तर भोई बांधवांच्या चुलीत पुढील वर्षी काय पेटणार? आपल्या पंगतीत मासळी नसेल. शेजाऱ्याची भूक तरी आपली आहे ना?

शेतकरी घरात दुष्काळ असला तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. जलाशयाचीही तीच रीत. आज राखी बांधताना रक्षणाचे वचन द्याल, तेव्हा मनूच्या ओंजळीतील त्या इवल्या जीवाचे स्मरण असू द्यावे.