रेडिएटरमधून शेवटी फिरवायचे पाणी

पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेला प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो आणि सोडियम व क्लोराइड यांच्या आधिक्यामुळे तेथील भूजल पिण्याच्या व ओलिताच्या कामी येत नाही, हे वऱ्हाडात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर या पट्ट्याबाहेर, वर्धा नदीच्या काठी वसलेले असून तो परिसर मुख्यतः काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यात बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार उतरतात, आणि अशा पाण्यात साबणाला फेस येत नसल्यामुळे शालेय पुस्तकांत त्याला दुष्फेन पाणी म्हटले जाते. रुक्मिणीचे माहेर म्हणून आषाढीच्या पालखीच्या वेळी व कार्तिकातील यात्रेच्या वेळी येथे गाड्यांची वर्दळ असते आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्या पूर्णाखोऱ्यातूनही येतात. वऱ्हाडातील ही दोन पाणी मोटारीच्या शीतलन यंत्रणेला दोन निरनिराळ्या प्रकारांनी अपाय करतात, हा भेद ध्यानात घेतल्यावाचून ती यंत्रणा कोणत्या पाण्याने धुवावी या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळत नाही.

दुष्फेन पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि ते इंजिनाच्या सर्वांत उष्ण भागांवर, म्हणजे सिलिंडरच्या भोवतालच्या पोकळ्यांत, खपलीसारखे बसते. ही खपली ॲल्युमिनियमच्या पन्नासाव्या हिश्शाइतकीही उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे काटा लाल रेषेकडे सरकण्यापूर्वीच धातू आतून जादा तापू लागलेला असतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड याहून निराळे वागते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर ऑक्साइडचा जो संरक्षक पापुद्रा असतो तो क्लोराइड जागोजागी भेदते, आणि रेडिएटरच्या पातळ नळ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. म्हणून खाऱ्या पाण्याचा उपद्रव गळतीच्या रूपाने आणि दुष्फेन पाण्याचा उपद्रव तापण्याच्या रूपाने दिसून येतो.

उन्हाळाभर चाललेल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तो हेच तत्त्व घरोघरी दाखवतो: पाणी वाफेने निघून जाते, क्षार मागे राहतात. बंद शीतलन यंत्रणेत पाणी इतक्या वेगाने उडून जात नाही, पण जेथे थोडी वाफ सतत निसटते आणि चालक दर आठवड्याला हापशाचे किंवा बोअरचे पाणी वरून भरतो, तेथे प्रत्येक भरणीसोबत क्षारांची नवी भर पडत राहते.

पिण्यास योग्य असलेले पाणी इंजिनालाही योग्य असते, ही सार्वत्रिक समजूत आकड्यांवर टिकत नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० दर लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराइड व ५०० मिलिग्रॅम विरघळलेले घन पदार्थ स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे १,००० व २,००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत देते. याउलट अवजड डिझेल इंजिने बनविणाऱ्या कॅटरपिलर कंपनीने शीतलनाच्या पाण्यासाठी क्लोराइडची कमाल मर्यादा ४० आणि एकूण घन पदार्थांची ३४० मिलिग्रॅम ठेवली आहे.

ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले पाणी, आणि आयन विनिमयाने क्षार काढलेले खनिजविरहित पाणी ही दोन्ही या कामाला सारखीच उत्तम आहेत. गॅरेजमध्ये जे बॅटरीचे पाणी म्हणून विकले जाते ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते, परंतु बॅटरीत घालण्याचे सौम्य गंधकाम्लही त्याच बोलीत कधी कधी बॅटरीचे पाणी ठरते, म्हणून डब्यावरील अक्षरे वाचणे अत्यावश्यक आहे. आरओचे पाणी मधल्या पायरीवरचे आहे, कारण त्याचा पडदा बहुतांश क्षार अडवत असला तरी चवीसाठी त्यात मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय अनेक यंत्रांत असते. टीडीएस मीटरने ते तपासून घ्यावे. जलमृदुकारक यंत्राचे पाणी मात्र टाळावे, कारण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवते आणि क्लोराइडला हातही लावत नाही. एसीतून ठिबकणारे पाणी क्षारांच्या बाबतीत स्वच्छ दिसले तरी धूळ, जंतू आणि धातूंचे अंश घेऊन येते.

प्रत्यक्ष धुण्याच्या कामात दुर्लक्षिली जाणारी बाब अशी की, खालची तोटी उघडली तरी इंजिनाच्या पोकळ्यांतील व हीटरच्या नळ्यांतील पाणी तेथेच राहते. समजा यंत्रणेत ६ लिटर द्रव मावतो आणि त्यातला निम्माच बाहेर येतो. तर दर लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याने धुतल्यानंतर ३ लिटर शुद्ध पाणी भरून, इंजिन चालवून, थंड झाल्यावर काढले की आतील प्रमाण २०० वर येते, दुसऱ्या खेपेला १०० आणि तिसऱ्या खेपेला ५० होते. म्हणून गाळ व गंज निघेपर्यंतच्या पहिल्या खेपा नळाच्या साध्या पाण्याने, मात्र खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने मुळीच नव्हे, आणि शेवटच्या तीन खेपा खनिजविरहित पाण्याने करणे हा काटकसरीचा व शास्त्रशुद्ध मार्ग आहे. आत राहणारे पाणीच पुढे कूलंटचा भाग होणार असल्यामुळे खर्च शेवटच्या पाण्यावर करावा.

याच शिल्लक पाण्यामुळे भरणीचा हिशेबही बदलतो. आत ३ लिटर पाणी उरलेले असताना अगोदरच निम्मे पाणी मिसळलेला तयार कूलंट ३ लिटर भरला, तर मिश्रणातील मूळ कूलंट २५ टक्क्यांवर उतरतो. तेथे मूळ, न मिसळलेला कूलंटच ३ लिटर घालावा, तेव्हा ५० टक्के साधतात. वऱ्हाडात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट अनावश्यक आहे असे मानून नुसते शुद्ध पाणी ठेवणेही चूक आहे, कारण ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि त्यात गंज रोखणारे काहीच नसते. ते काम कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये करतात, आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदूही वाढवते, जे मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात उपयोगी पडते.

हेच ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असल्यामुळे धुण्यातून निघालेले पहिले पाणी उघड्या टोपल्यात किंवा नाल्यात राहिले, तर ते कुत्र्या-गुरांच्या जिवावर बेतू शकते. ते झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ ऑइल उचलणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, वर्धेच्या घाटाकडे त्याचा ओघळ जाऊ देऊ नये.