बॅले शिकवणाऱ्या चांगल्या बाई कशा ओळखायच्या?



आज आपण नाच शिकवणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय वरचेवर निघतो. तालुक्याच्या गावी नाचाचे क्लास निघालेत. मुली मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेचे नाच बघतात. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून गिरक्या घेणाऱ्या मुली दिसल्या की विचारतात, "आई, हे कुठं शिकवतात गं?" त्या नाचाला बॅले म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या गावात बॅलेची शाळा नाही, मग त्याची चर्चा कशाला? सांगतो. बॅलेत मूल लहानपणी शाळेत जातं आणि आठ-आठ वर्षं रोज घाम गाळतं. त्याच्या हाडांशी, सांध्यांशी, जेवणाशी आणि मनाशी शिक्षकाचा रोज संबंध येतो. शिक्षक चांगला मिळाला तर मूल घडतं आणि वाईट मिळाला तर जन्माचं दुखणं घेऊन घरी येतं. त्यामुळे चांगला शिक्षक कशाला म्हणायचं, हे बॅलेच्या वर्गात फार लख्ख दिसतं. ते एकदा कळलं की लेझीम असो, कबड्डी असो की लावणीचा क्लास असो, आपल्याला पारख करता येते.

आधी या नाचाची थोडी ओळख करून घेऊ. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली. तिथून या नाचाला शिस्तीचे नियम मिळाले. म्हणून आजही जगात कुठंही बॅले शिकवताना पावलांची नावं फ्रेंचच असतात. पुढे हा नाच रशियात गेला. सेंट पीटर्सबर्ग या शहरात १७३८ साली बॅलेची शाळा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. तिथं साधारण दहा वर्षांची मुलं घेतात. म्हणजे आपल्याकडची पाचवीतली मुलगी समजा. ती शिकून बाहेर पडते तोवर बारावीच्या वयाची झालेली असते.

वर्ग कसा चालतो? भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा लावलेला असतो. मुलं त्याला हात टेकून उभी राहतात. सुरुवात होते गुडघे वाकवण्यापासून. पाठ सरळ, गुडघे बाहेरच्या बाजूला, आणि हळूहळू खाली जाऊन पुन्हा वर यायचं. याला प्लिए म्हणतात. मग पाय जमिनीवरून सरकवत बोटांपर्यंत ताणायचा. मग पाय उचलायचा. अंग गरम झालं की दांडा सोडून मधे यायचं, आधी तोल सांभाळायचा, मग छोट्या उड्या आणि शेवटी मोठ्या. तास संपला की शिक्षकाला आणि पियानो वाजवणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. मोठे नामवंत नर्तकसुद्धा रोजचा दिवस याच गुडघे वाकवण्यापासून सुरू करतात. आपल्या भाकरीचं आहे तसंच. वीस वर्षं थापली तरी आधी पीठ मळावंच लागतं.

आता बघू, चांगल्या बाई कशा ओळखायच्या.

पहिली खूण: त्या 'का' ते सांगतात.

बॅलेच्या जगात शिक्षिका म्हटलं की एक नाव आधी येतं, अग्रिपिना वागानोवा. त्यांचा जन्म १८७९ सालचा. वडील सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये साधे कर्मचारी होते. वागानोवा तिथल्याच शाळेत शिकल्या आणि १८९७ साली थिएटरात नाचायला लागल्या. पण पहिल्या मानाची जागा त्यांना चटकन मिळाली नाही. बॅलेरिना हा किताब मिळाला तो थेट १९१५ साली, आणि १९१६ साली त्यांनी रंगमंच सोडलासुद्धा. इतकी वर्षं त्या स्वतःच्याच नाचाची चिकित्सा करत राहिल्या. माझी गिरकी का सुटते? दुसरीचा तोल का टिकतो? इटलीच्या पद्धतीत ताकद कुठून येते आणि फ्रेंच पद्धतीत नजाकत कुठून येते?

पुढे त्या शिकवायला लागल्या तेव्हा हेच प्रश्न कामाला आले. त्यांच्या वर्गात पाऊल चुकलं तर "पुन्हा कर" एवढ्यावर भागत नसे. ते का चुकलं, हे मुलीने शोधून सांगायचं. नाचाचे क्रम मुलींना लिहून काढायला लावत. १९३४ साली त्यांनी बॅलेच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या हाताखाली मारिना सेम्योनोवा आणि गालिना उलानोवा यांच्यासारख्या थोर नर्तकी तयार झाल्या. वागानोवा १९५१ साली गेल्या आणि १९५७ साली त्या जुन्या शाळेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

यातून आपण काय घ्यायचं? ज्याला सगळं सहज जमलं त्याला ते फोड करून सांगता येईलच असं नाही. उत्तम नाचणारा माणूस उत्तम शिकवेल, हे गृहीत धरू नका. क्लासच्या भिंतीवर बक्षिसं किती टांगली आहेत त्यापेक्षा बाई मुलीला काय सांगतात ते ऐका. "नीट कर, नीट कर" असं ओरडणं म्हणजे शिकवणं नव्हे. "उडी मारून खाली येताना आधी बोटं टेकव, मग टाच टेकव आणि गुडघा वाकव, म्हणजे हिसका बसणार नाही" हे शिकवणं.

दुसरी खूण: त्या थांबायला तयार असतात.

बोटांच्या टोकांवर उभं राहण्यासाठी बॅलेत खास बूट असतात. त्यांना पॉइंट शूज म्हणतात. वरून रेशमासारखं मऊ कापड दिसतं, पण पुढचं टोक आत कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेलं असतं. त्या एवढ्याशा टोकावर सगळ्या अंगाचा भार येतो. लहान मुलीची पावलातली हाडं तेव्हा अजून वाढत असतात, पुरती टणक झालेली नसतात. म्हणून जाणकार शिक्षिका साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत हे बूट देत नाहीत. बारावं लागलं म्हणून लगेच देतात असंही नाही. काही वर्षांचा पाया झालाय का, घोटा ताठ राहतो का, पोटाचे आणि पाठीचे स्नायू अंगाला पेलतात का, हे बघून एकेका मुलीचं ठरवतात.

पण हे बूट म्हणजेच बॅले असं मुलींना वाटतं आणि आयांनाही. गॅदरिंगमध्ये फोटो छान येतो ना! अशा वेळी चांगल्या बाई आईला स्पष्ट सांगतात, "अजून नाही." फी बुडेल, मुलगी दुसऱ्या क्लासला जाईल, हा धोका त्या पत्करतात. आपल्याला त्या क्षणी राग येतो, पण अशाच बाईंवर विश्वास ठेवावा.

तिसरी खूण: त्यांना अंगाची जाण असते.

बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतात. हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. प्रत्येकीचा खुबा जन्मतः वेगळा, त्यामुळे कुणाचा पाय जास्त वळतो, कुणाचा कमी. मुलीने नुसती पावलं जमिनीवर जोर लावून वळवली की मधे गुडघा पिळला जातो. दिसायला छान दिसतं, पण पुढे गुडघेदुखी ठरलेली. चांगल्या बाई पावलाकडे बघायच्या आधी गुडघ्याकडे बघतात. गुडघा वाकला की तो पायाच्या बोटांच्या रेषेत यायला हवा.

आणखी एक गोष्ट. वयात येताना मुली भराभर उंच होतात. हाडं आधी वाढतात आणि स्नायू मागून येतात. त्या काळात काल जमणारी गिरकी आज जमत नाही, अंग आखडतं, तोल जातो. मुलीला वाटतं, मी मठ्ठ झाले. ज्या बाईंना हे माहीत असतं त्या तेवढे महिने मोठ्या उड्या कमी करतात आणि मुलीला समजावतात की हे वाढीचं आहे, निघून जाईल. दुखलं तर थांबायची मुभा देतात. "दुखल्याशिवाय येत नाही" असं म्हणून दुखऱ्या पायावर नाचवत नाहीत.

चौथी खूण: त्या मुलीच्या ताटाला हात लावत नाहीत.

हा सगळ्यात नाजूक मुद्दा. बॅलेत सडपातळ दिसण्याचा फार सोस आहे. त्यापायी कित्येक मुलींनी जेवण तोडलं आहे. २०१९ साली ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरातल्या ऑपेराच्या नामांकित बॅले शाळेची चौकशी झाली. मुलांशी वाईट वागणूक होते, त्यांना अपमानास्पद बोललं जातं, आणि वजन वाढू नये म्हणून सिगारेट ओढायला सुचवलं जातं, अशी माहिती त्यातून पुढे आली. एवढी नावाजलेली शाळा, आणि आत हे! म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

वाढत्या मुलीने पोटभर खाल्लं नाही आणि वरून रोज तासन् तास मेहनत केली, तर तिची पाळी लांबते किंवा थांबते. पाळी थांबणं ही सूचना आहे. हाडं आतून कमकुवत होतात आणि साध्या उडीनेही चीर जाऊ शकते. आपल्याकडे तर मुलींमध्ये रक्त कमी असणं घरोघरी आहे. त्यामुळे "जाडी", "म्हैस" अशा शब्दांनी मुलीला हाक मारणारा शिक्षक, मग तो कितीही कसबी असो, आपल्या मुलीसाठी नाही. चांगल्या बाई भाकरी-भाजी, डाळ, अंडं नीट खा म्हणतात आणि वजनाची गोष्ट चारचौघांत काढत नाहीत.

पाचवी खूण: त्या साचे काढत नाहीत.

सेंट पीटर्सबर्गच्या त्याच शाळेत अलेक्झांडर पुश्किन नावाचे शिक्षक होते. प्रसिद्ध कवी पुश्किन वेगळे आणि हे वेगळे. स्वभावाने शांत, बोलणं मोजकं. रुडॉल्फ नुरेयेव हा मुलगा या शाळेत १९५५ साली आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, म्हणजे बॅलेच्या हिशेबाने फारच उशिरा. स्वभाव तापट. पहिल्या शिक्षकाशी त्याचं जमलं नाही. मग तो पुश्किनांच्या वर्गात गेला आणि तीन वर्षांत असा तयार झाला की पुढे साऱ्या जगाने त्याचं नाव ऐकलं. याच पुश्किनांकडे नंतर मिखाईल बारिश्निकोव शिकला. एक आगीसारखा, दुसरा नेमका आणि रेखीव. दोघांचा गुरू एक, पण दोघे एकमेकांसारखे मुळीच नाचत नसत.

आपल्या मुंबईतही असं घडलं आहे. येहुदा माओर नावाचे इस्रायली-अमेरिकन शिक्षक मुंबईत शिकवत होते. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा आमिरुद्दीन शाह त्यांच्या हाताखाली तयार झाले. आमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. त्यांच्या गोष्टीवर सूनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा सिनेमा २०२० साली काढला. घरात पैसा नाही, बॅलेचं नावही कधी ऐकलेलं नाही, अशा मुलांमधला गुण ओळखणं, हेही शिक्षकाचंच काम.

वर्गात हे कसं दिसतं? पुढच्या रांगेतल्या दोन-तीन हुशार मुलींनाच बाई शिकवतात की मागच्या रांगेकडेही जातात, ते बघा. बॅलेच्या चांगल्या वर्गात मधूनमधून रांगा बदलतात आणि मागच्या मुली पुढे येतात. आपल्या गटात आळीपाळीने प्रत्येकीला बोलायला देतो, तसंच ते.

शेवटची गोष्ट स्पर्शाची. नाच शिकवताना हात, पाठ, पाय धरून सरळ करावे लागतात. ते कामाचा भाग आहे. पण चांगला शिक्षक आधी सांगतो, विचारतो आणि सगळ्यांसमोर करतो. मुलगी "नको" म्हणाली तर बोलून समजावतो. जिथं दार बंद असतं, पालकांना कधीच बसू देत नाहीत किंवा एकाच मुलीला वेगळ्या वेळी एकटं बोलावतात, तिथं सावध व्हा. मुलगी अचानक क्लासला जायला नाही म्हणाली तर रागावू नका, आधी ऐकून घ्या. गरज पडली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. तो फुकट लागतो. २०१२ सालचा पोक्सो कायदाही मुलांच्या बाजूने आहे.

तर मैत्रिणींनो, क्लासला नाव घालण्याआधी एक दिवस जाऊन तास बघा. बाईंना चार प्रश्न विचारा. तुम्ही कुठं शिकलात आणि किती वर्षं शिकवताय? मुलीला दुखलं तर काय करता? आम्ही मधून येऊन बसलो तर चालेल का? पहिल्या वर्षी मुलीला काय येईल? शेवटच्या प्रश्नाला "तीन महिन्यांत स्टेजवर आणतो" असं उत्तर आलं तर विचार करा. "नीट उभं राहायला शिकेल" असं उत्तर आलं तर नाव घाला.

गटात आपण एकमेकींची ठेव जपतो. क्लासला पाठवलेली मुलगी हीसुद्धा आपण विश्वासाने दिलेली ठेवच आहे. ज्यांच्याकडे ठेवतो त्यांना हिशेब विचारायला लाजू नका.

तुमच्या गावात नाचाचा, खेळाचा क्लास असेल तर तिथला अनुभव आम्हाला कळवा. पुढच्या बैठकीत यावर बोलू. तोवर नमस्कार!