समुद्रमार्गाचे मोल

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग महासागरांनी व्यापला आहे. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला समुद्र म्हणजे भूमीचा शेवट वाटतो. व्यापाराच्या दृष्टीने मात्र तो एक विशाल रस्ता आहे, आणि हा रस्ता कोणाला बांधावा लागत नाही. जगातील व्यापारी मालापैकी, वजनाच्या हिशेबाने, ८० टक्क्यांहून अधिक माल आजही समुद्रमार्गे जातो. भारताच्या विदेश व्यापारात तर हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. स्वयंपाकाचा गॅस, खाद्यतेल, खनिज तेल यांचा मोठा हिस्सा जहाजांतून येतो. त्यामुळे किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या कुटुंबाचा संसारही समुद्राशी जोडलेला असतो.

नफ्यासाठी खाजगी भांडवल गुंतवून चालणाऱ्या व्यवस्थेला भांडवलशाही अर्थव्यवस्था म्हणतात. तिच्या काही प्रमुख संस्था समुद्रव्यापारातूनच वाढल्या. पूर्वी एका सफरीला वर्ष-दोन वर्षे लागत. वादळे, चाचे आणि रोगराई यांमुळे गेलेले जहाज परत येईलच, याची शाश्वती नसे. एवढा धोका एकट्या व्यापाऱ्याला पेलणारा नव्हता. म्हणून तो अनेकांत वाटून घेण्याचे मार्ग निघाले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने लोकांना भाग, म्हणजे शेअर, देऊन भांडवल उभारले. ॲमस्टरडॅममध्ये त्या भागांची खरेदी-विक्री होऊ लागली. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजमालक व विमा उतरवणारे जमत. त्यातूनच पुढे ‘लॉइड्स’ ही विख्यात विमापेठ उभी राहिली.

हिशेबाच्या या पद्धतीची दुसरी बाजू भयंकर होती. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचाही ‘माल’ म्हणून विमा उतरवला जाई. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश जहाजावरील १३० हून अधिक माणसांना जिवंतपणी समुद्रात फेकण्यात आले. पुढे न्यायालयात वाद झाला तो विम्याच्या भरपाईचा. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही.

विसाव्या शतकात समुद्रव्यापाराचे रूप पालटले ते एका साध्या धातूच्या पेटीमुळे. त्याआधी पोती, पिंपे, गाठी असा सुटा माल गोदी कामगार हातांनी चढवत-उतरवत आणि जहाजे दिवसेंदिवस बंदरात थांबून राहत. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. कारखान्यात भरलेली पेटी न उघडता मालमोटारीवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा मालमोटारीवर जाऊ लागली. यालाच आपण कंटेनर म्हणतो. वाहतुकीचा खर्च इतका उतरला, की एका देशात कापूस, दुसऱ्यात कापड, तिसऱ्यात शिवण आणि चौथ्यात विक्री असा व्यवहार परवडू लागला. बंदरांचे स्वरूपही बदलले. मुंबईच्या समोर न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनरची वाहतूक हळूहळू तिकडे गेली आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांतील हातांचे काम आटत गेले.

आजचे जहाज नेमके कोणाचे, हेही सहज सांगता येत नाही. मार्च २०२१ मध्ये सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवे होऊन सहा दिवस अडकले. त्याचे मालक जपानी, ते चालवणारी कंपनी तैवानची, ध्वज पनामाचा आणि त्यावरील २५ खलाशी भारतीय होते. जहाजाची नोंदणी परक्या देशात करता येत असल्यामुळे कमी कर आणि सैल नियम असलेला देश निवडण्याकडे अनेक मालकांचा कल असतो. याला ‘सोयीचा ध्वज’ म्हणतात. मालकाची ही सोय खलाशाला अनेकदा महाग पडते. कारण वेतन थकले, तर दाद कोणत्या देशात मागावी, हेच त्याला कळत नाही. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते.

किनाऱ्यावरील माणसालाही झळ पोहोचते. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ लायबेरियाचा ध्वज असलेले ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडाले. प्लॅस्टिकचे बारीक दाणे वाहत किनाऱ्याला लागले आणि मच्छीमारांच्या रोजीवर घाला आला. त्या मालाच्या व्यापारात या मच्छीमारांचा काहीच वाटा नव्हता.

समुद्रावर कायदा नाही, असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला आहे. खुल्या समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये नवा करारही संमत झाला. परंतु विस्तीर्ण सागरावर नियमांची अंमलबजावणी करणे कठीण असते.

जहाजे थांबली, तर जगाचा व्यवहार थांबेल. म्हणून समुद्रव्यापार नको, असे कोणी म्हणणार नाही. मात्र बाजारात वस्तू स्वस्त मिळते, तेव्हा तिच्या खर्चाचा काही भाग खलाशी, मच्छीमार आणि प्रत्यक्ष समुद्र सोसत असतो. तो भाग हिशेबाच्या वहीत यावा आणि नफा घेणाऱ्यांनीच तो भरावा, हा आजच्या सागरी व्यवस्थेपुढील खरा प्रश्न आहे.