धरलेला हात सोडू नका!

“नेले होते हो उपचाराला, पण टिकला नाही!” ज्या घरात व्यसनाचा शिरकाव झाला आहे, तेथे हे वाक्य हटकून कानी पडते. बोलणाऱ्याचा रोख अर्थातच त्या माणसाच्या दुबळ्या मनावर असतो. परंतु सारा दोष त्याच्या मनाचाच काय? नीट पाहिले तर असे दिसते की, उपचार घेणारा माणूस प्रामुख्याने तीन वळणांवर निसटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याला सावरता येते.

पहिले वळण अगदी आरंभीचे. दारू बंद होताच हात कापू लागतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. अट्टल पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन ते जिवावरही बेतू शकते. गर्द सोडणाऱ्याचे अंग मोडून येते, पोटात कळा येतात, नाका-डोळ्यांना धार लागते. या यातनांवरचा उतारा गल्लीच्या कोपऱ्यावर मिळत असताना तो उपदेश ऐकत बसेल कसा? म्हणूनच हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले पाहिजेत. घरात कोंडून घालणे हा उपचार नव्हे.

दुसरे वळण फसवे. काही आठवडे जातात, भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. “आता मी बरा झालो,” असे त्याला वाटते; घरच्यांनाही वाटते. येथेच येणे-जाणे थांबते. वास्तविक व्यसन हा मधुमेहासारखा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. गर्दच्या काही रुग्णांना तर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध महिनोन् महिने द्यावे लागते. ते घेणे म्हणजे हार नव्हे.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने ही गोष्ट चांगली ओळखली. गर्दच्या लाटेवरील डॉ. अनिल अवचट यांचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 साली हे केंद्र उभे राहिले. त्याचा प्राण होत्या डॉ. अनिता अवचट. 1997 साली त्यांचे निधन झाले. पण त्यांनी घालून दिलेली रीत मागे राहिली. तेथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते होतात. “मला काय होते ते तुम्हाला काय कळणार?” हा रुग्णाचा हुकमी प्रश्न त्यांच्यापुढे लटका पडतो! केंद्रातला मुक्काम संपल्यावरही पाठपुराव्याच्या बैठका असतात आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट असतो. कारण पती घरी परततो तेव्हा खरी परीक्षा दोघांचीही सुरू होते.

तिसरे वळण सर्वांत अवघड. महिनोन् महिने दूर राहिलेला माणूस एखाद्या दिवशी घसरतो. आता कोणत्या तोंडाने परत जायचे? ही शरमच त्याला पुन्हा गुत्त्याकडे ढकलते. गर्दच्या बाबतीत तर ही घसरण प्राणघातक ठरू शकते, कारण खंड पडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेते. अशा वेळी दार लावून घेणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हवाली करणेच नव्हे काय?

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी 1935 साली दोन मद्यपींनी एकमेकांना सावरता सावरता ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा पाया घातला. आज महाराष्ट्रातही या संघटनेच्या सभा भरतात. सभासदत्वाला अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. कितव्यांदा आलात, हे तेथे कोणी विचारीत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? त्याच्या हाती पैसे देऊ नयेत, त्याच्या वतीने खोटे बोलू नये, शिव्याशापही देऊ नयेत. बैठकीचा वार मात्र त्याच्याइतकाच आपणही लक्षात ठेवावा. तो गेला नाही, तर “का गेला नाहीस?” असे दरडावण्यापेक्षा “चल, मी येते बरोबर,” असे म्हणावे. सणासुदीला तर विशेष जपावे. जुने सोबती ‘आजच्या दिवस थोडी’ म्हणत दारात येतात, ते याच दिवसांत. त्या संध्याकाळी त्याला फराळाच्या ताटापाशी आपल्यात बसवून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी बैठक असेल, तर दिवाळी आहे म्हणून ती चुकवू देऊ नये.