पहिली सुई आरोग्य कर्मचाऱ्यांची

16 जानेवारी 2021 ला देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. महाराष्ट्रात 285 केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्राला शंभर नावं. संध्याकाळी हिशेब लागला तो अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम 64 टक्के. ‘डॉक्टर-नर्सच घाबरले, मग आपलं काय?’ असा सूर गावोगाव निघाला. तो सूर अन्यायाचा होता असं मला तेव्हाही वाटायचं, आज तर ठामपणे वाटतं.

एक तर त्या दिवशी लसीकरणाच्या नोंदणीचं ‘को-विन’ अॅप नीट चालत नव्हतं. कुणाला निरोप उशिरा गेला, कुणाला गेलाच नाही. पुढचे दोन दिवस राज्यात लसीकरण झालं नाही. दुसरं, दोन लसींपैकी कोव्हॅक्सिनला 3 जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष यायचे होते, आणि ती घेणाऱ्याकडून संमतिपत्रावर सही घेतली जात होती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून दुसरी लस, कोविशिल्ड, मागितली. पुरावा मागणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. कोव्हॅक्सिनच्या 81 टक्के परिणामकारकतेचा अंतरिम आकडा 3 मार्चला आला.

महाराष्ट्रात मात्र सुरुवातीला बहुतेक ठिकाणी कोविशिल्डच होती. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगल्यासारख्या तालुक्यात शंकेचं मूळ वेगळ्या जागी शोधावं लागतं. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदीचा धंदा, अधेमधे उसाची गावं. इथली आरोग्यसेवा उभी आहे ती एएनएम आणि आशाताईंवर. यातल्या कितीतरी जणी तिशीच्या आतबाहेरच्या, कुणाचं बाळ अंगावर पिणारं. सुरुवातीच्या नियमात गरोदर आणि स्तनदा मातांना लस नव्हतीच. स्तनदा मातांना ती खुली झाली 19 मे ला, गरोदर बायकांना 2 जुलैला. ज्या लसीला सरकारच तुमच्यासाठी ‘थांबा’ म्हणतंय, तिच्यामुळे पुढे मूल होईल ना, हा प्रश्न पडला तर त्याला अडाणीपणा कसं म्हणायचं? उत्तर द्यायला माणूस बसवायला हवा होता. वरून खाली आलं ते फक्त उद्दिष्ट.

शंका विरली ती शेजारच्या खुर्चीमुळे. अर्धा तास निरीक्षण खोलीत बसायचं, रात्री ताप, अंगदुखी, पॅरासिटामॉल, दुसऱ्या दिवशी ड्युटी. हे सोबतच्या सिस्टरला झालेलं डोळ्यांनी दिसलं की पुढची दंड पुढे करायची. लसीच्या कुपीचाही वाटा होता. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, एकदा उघडली की चार तासांत संपवायची. सात जणं आली, तीन डोस वाया जाणार. मग फोन सुरू. ‘ताई, कुपी फोडलीय, तासाभरात या.’ परिपत्रकापेक्षा अशा फोनला माणूस लवकर उठतो, कारण पलीकडचा आवाज ओळखीचा असतो.

फेब्रुवारीत दुसरा डोस सुरू झाला, 1 मार्चपासून साठीपुढच्यांच्या रांगा लागल्या. ‘आधी तुम्ही घेतली का?’ या प्रश्नाला आशाताईकडे आता उत्तर होतं. दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्हा सर्वात उशिरापर्यंत होरपळलेल्यांपैकी एक. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं, हे या मागोव्यातून गाळता येणार नाही. जिच्या शब्दावर अख्खं गाव दंड पुढे करतं, तिला स्वतःच्या मोबदल्यासाठी घासाघीस करावी लागली.

एप्रिल 2024 च्या अखेरीस, कोविशिल्ड ही जिच्या लसीची भारतातली आवृत्ती त्या अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात दुर्मीळ रक्तगाठींचा धोका मान्य केल्याची बातमी पसरली, आणि लोक पुन्हा आशाताईंनाच विचारू लागले. खरं तर आपल्याकडच्या राष्ट्रीय समितीने मे 2021 मध्येच सांगितलं होतं : कोविशिल्डनंतर अशा संशयित घटना 26, दहा लाख डोसमागे 0.61. धोका असतो तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी धास्तावण्याचं कारण नव्हतं. हे सांगणारं चार ओळींचं मराठी टिपण 2021 मध्येच प्रत्येक उपकेंद्रात पोचवायला हवं होतं.